‘कारभाऱ्याला शिकवलं की घरात पोचतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: ‘शेतीच्या प्रशिक्षणात बायकांसाठी 30 टक्के निधी म्हणजे हजेरीपटाचं नाटक. निर्णय कारभारी घेतो, त्याला शिकवलं की घरात पोचतं. पंपाला आणि औषधाला बाई-बाप्या कळत नाही. वाण चांगलं असलं की सगळ्यांनाच चांगलं. शिवाय बोलावलं तरी बायका येत नाहीत, आल्या तर बोलत नाहीत.’

यातलं हजेरीपटाचं वाक्य निम्मं खरं आहे, त्याकडे शेवटी येऊ. बाकीची शेतात टिकत नाहीत.

‘कारभाऱ्याला शिकवलं की घरात पोचतं.’

चारसूत्री भात, म्हणजे चार सूत्रांची भातलावणीची पद्धत घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात रोप लावण म्हणजे बहुतेक बायकांचं काम. डॉ. नारायण सावंतांच्या या पद्धतीतली पहिली दोन सूत्रं कारभाऱ्याला सांगून भागतात: तूस, राख, पिंजर (भाताचा पेंढा) शेताला परत द्यायचं आणि गिरिपुष्प या हिरवळीच्या खताच्या झाडाचा पाला चिखलात गाडायचा. मेख आहे ती पुढच्या दोन सूत्रांत. दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटरच्या खुणा आलटून-पालटून, दोन ओळींतलं अंतरही तसंच, एका चुडात, म्हणजे एका ठिकाणच्या जुडीत, 2-3 रोपं. मग 15 सेंटीमीटरच्या चौकोनात जे चार चूड येतात, त्यांच्या बरोबर मधोमध 2.7 ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी), लावणीच्याच दिवशी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल दाबायची. गुंठ्याला 625 ब्रिकेट लागतात, म्हणजे साधारण 1.7 किलो.

हे सगळं ऐकलेलं असतं कारभाऱ्यानं, आणि लावणीच्या दिवशी तो बांधावर असतो. चिखलात वाकलेल्या बाईपर्यंत त्यातलं ‘दोरी धरा आणि गोळ्या टाका’ एवढंच पोचतं. मग दोरी ढिली पडते, 15 आणि 25 चा फरक पुसला जातो, आणि चौकोन कुठला ते कळेनासं होतं. ब्रिकेट वरवर पडली तर नत्र खालच्या हवाबंद चिखलात धरून राहत नाही, काही उडून जातं, काही गगनबावड्याच्या पावसात बांधावरून वाहून जातं. खोली न पाळलेली ब्रिकेट म्हणजे महागात पडलेला फेकीव युरियाच.

त्यात लावण उक्ती, म्हणजे ठोक दरानं, दिलेली असेल तर घोटाळा पक्का. गुंठ्याला 625 वेळा बोट चिखलात घालायचं, त्याचा वेगळा दर कुणी ठरवलेला नसतो. शेवटच्या वाफ्यात उरलेल्या गोळ्या एका कोपऱ्यात पडतात. तिथलं भात काळंभोर होऊन लोळतं, बाकीचं फिकट राहतं, आणि निष्कर्ष निघतो, ‘आपल्याकडं चारसूत्री चालत नाही.’ शेतावरच्या चाचणीत असं झालं तर हाच निष्कर्ष संशोधन केंद्राच्या नोंदीतही जातो. पद्धत नापास ठरते, खरं तर तिची परीक्षाच झालेली नसते.

उपाय फार मोठा नाही. लावणीच्या टोळीतल्या म्होरक्या बाईला धरून, काम सुरू करण्याआधी एक गुंठा सगळ्यांनी मिळून लावायचा. त्या वेळेची मजुरी धरायची. खोलीसाठी मोजपट्टी नको, मधलं बोट मुळापर्यंत बुडालं की काम झालं. दर गुंठ्याच्या ब्रिकेट मोजून वेगळ्या डब्यात द्यायच्या, म्हणजे उरल्या तर चूक त्याच गुंठ्यात दिसते. आणि ब्रिकेटचा दर लावणीच्या दरात न घालता वेगळा बोलायचा. या शेवटच्या गोष्टीवर बहुतेक प्रशिक्षणं गप्प असतात, का ते समजणं अवघड नाही.

‘निर्णय कारभारी घेतो.’ ट्रॅक्टर घेण्याचा किंवा कर्ज काढण्याचा घेत असेल. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत पाळीला गेलेला कारभारी भांगलण (खुरपणी) आज करायची की वाफसा आल्यावर, हे तिथून ठरवत नाही. 2023-24 च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी 76.9 टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी 49.4 टक्के. उलट 2015-16 च्या कृषिगणनेत बायकांच्या नावावरची वहिवाट खातेदारांच्या जेमतेम 14 टक्के. आमंत्रणाची यादी सातबाऱ्यावरून काढली की कारभारीच समोर येणार, आणि मग ‘शेतकरी तोच’ असं वाटणारच. सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्तीच्या नावानं 1992 पासून शासन निर्णयात आहे. पण प्रशिक्षणाला बोलावण्यासाठी तेवढं थांबायची गरज नाही, दूध संस्थेची आणि बचत गटांची यादी गावात असतेच.

‘पंपाला बाई-बाप्या कळत नाही.’

पंपाला कळत नसेल, खांद्याला कळतं. 16 लिटरचा पाठीवरचा फवारणीचा बॅटरी पंप भरला की वजन 20 किलोच्या वर जातं. पट्ट्याची रचना शर्ट-पँट धरून केलेली असते. पदर खोचलेल्या खांद्यावर पट्टा सरकतो, पंप एका अंगाला कलतो आणि झाकण नीट बसलं नसेल तर औषध पाठीवर झिरपतं. म्हणून बाई तो 10 लिटरच भरते. यात चूक काहीच नाही. चूक होते ती मात्रेत. दुकानदारानं सांगितलेलं असतं ‘पंपाला 30 मिली’. 16 लिटरला ते लिटरमागे 1.9 मिली होतं, 10 लिटरला 3 मिली, म्हणजे दीडपटीहून जास्त. पिकाची पानं करपतात आणि दोष जातो औषधाला. मात्रा ‘पंपाला’ न सांगता ‘लिटरला’ सांगायची आणि सोबत खुणा केलेलं मापटं द्यायचं, एवढ्यानं हे टळतं.

पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी आणून ओतणारी, औषध ढवळणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बहुधा घरातली बाईच. हातमोज्यांचं प्रात्यक्षिक मात्र फवारणाऱ्यालाच. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आधी वेगळ्या बादलीत नुसत्या पाण्यानं खळबळून घ्यावेत, मग साबण लावावा, ते पाणी विहिरीजवळ ओतू नये, हे धुणाऱ्या व्यक्तीला सांगायला हवं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख कच्ची असली तरी रंग वाचता येतो.

ऊस बेणेप्रक्रियेचंही तसंच. बुरशीनाशक-कीटकनाशकाच्या पाण्यात कांड्या 10-15 मिनिटं आधी, आणि ॲसिटोबॅक्टरसारख्या जिवाणूंच्या पाण्यात 30 मिनिटं नंतर. क्रम उलटला किंवा दोन्ही एकाच पिंपात गेलं तर जिवाणू मेले. पिंपात हात कुणाचे असतात, ते कुठल्याही लावणीच्या रानात जाऊन बघावं.

‘वाण चांगलं असलं की सगळ्यांनाच चांगलं.’

चांगलं म्हणजे कुणाला, इथून सुरुवात होते. आजरा घनसाळ या स्थानिक भाताच्या जागी जास्त उत्पन्नाचं बुटकं वाण सुचवणाऱ्याला एकरी क्विंटल दिसतात. घरात विचारलं तर पिंजर किती मिळेल, म्हैस ते खाईल का, कांडताना कणी किती पडेल, भात दुसऱ्या वेळी मऊ राहील का, हे प्रश्न येतात. नाचणीत मळणीला कणीस किती झटकावं लागतं आणि भाकरी थापताना चिरते का, याला उत्पन्नाइतकंच वजन असतं. हे निकष चाचणीच्या वहीत नसतील तर वाण प्रसारित होतं आणि पुढच्या खरिपात बियाणं कुणी ठेवत नाही. बियाणं निवडणारी, वाळवणारी आणि कणगीत राखणारी तीच असते.

तपासायची पद्धत साधी आहे. कापणीच्या आधी प्रत्येक प्लॉटपुढं तोंड झाकलेली एक पिशवी टांगायची. बायकांच्या हातात मक्याचे दाणे, पुरुषांच्या हातात सोयाबीनचे. आवडलेल्या प्लॉटच्या पिशवीत टाकायचे. दाणे वेगवेगळे मोजले की दोघांची पसंती वेगळी दिसते. एकत्र मोजले की ती लपते. शिजवून चव घेण्याची फेरी मात्र वेगळ्या दिवशी घ्यावी, आणि त्या दिवशी भांडी घासायला बायकांनाच बसवू नये.

‘बोलावलं तरी येत नाहीत, आल्या तर बोलत नाहीत.’ सकाळी 11 ते 5, तालुक्याच्या हॉलमध्ये, ऐन भांगलणीत बोलावलं तर दिवसाची मजुरी बुडते आणि संध्याकाळच्या धारेला उशीर होतो. शेतावर दोन-दोन तासांचे चार वर्ग एका दिवसाच्या वर्गापेक्षा जास्त भरतात. बोलण्याचं म्हणाल तर सासरे आणि सरपंच पहिल्या रांगेत असले की सुनाच काय, पोरंही बोलत नाहीत. गट वेगळे करा, शिकवणारी बाई असली तर उत्तम.

आता हजेरीपट. आत्मा या सरकारी कृषी विस्तार योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत कार्यक्रमांच्या निधीपैकी किमान 30 टक्के शेतकरी महिला आणि महिला विस्तार कर्मचाऱ्यांसाठी आहे. तो आकडा भरायला ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना ऊस खोडव्याच्या वर्गात बसवून फोटो काढले जातात, हे खरं. पण त्यावर निधी काढून घेणं हा उपाय नाही, हजेरीपटात दोन रकाने वाढवावे लागतील: या पिकातलं कुठलं काम तुम्ही स्वतः करता, आणि पंधरा दिवसांनी ते रानात कसं झालं. दुसरा रकाना भरायला अधिकाऱ्याला चिखलात उतरून ब्रिकेटची खोली बोटानं बघावी लागेल.