सर्व्हिस चार्जच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, परवा इंदूरच्या आपल्या ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज चुकीचा निघाला. ‘हॉटेलात टिप देणं आता बेकायदेशीर, बिलातला जीएसटीही नाकारता येतो’ असं त्यात होतं. मूळ सूचना काल नीट वाचल्या, आधीच वाचायला हव्या होत्या.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना सर्व्हिस चार्जबद्दल आहेत. हॉटेलने तो आपणहून बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी तर नाहीच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी मात्र कर आहे, तो द्यावाच लागतो. टिप आपल्या खुशीची. सराफ्याच्या खाऊगल्लीत खायला वाढणाऱ्या पोराच्या हातावर वीस रुपये ठेवलेत तर कोण अडवणार?

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काउंटरवर काढायला सांगा. आमच्याकडच्या बारशाच्या बिलातला सांगितल्यावर लगेच निघाला. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. काकू-मावश्यांच्या ग्रुपवर गेला असेल, तर तिथे हा टाका.