पैसा मुलामागे गेला, मागे राहिलेल्या मुलांचं काय?

शाळांचा कारभार सुधारायचा म्हटलं की दोन उपाय हमखास पुढे येतात. अनुदान विद्यार्थिसंख्येवर द्या आणि निर्णय वरच्या कार्यालयातून काढून शाळेच्या समितीकडे सोपवा. सुधारणा हवीच, त्यात दुमत नाही. पण बदल फसला तर तो कुणाच्या अंगावर येणार, हे आधी कुणी बोलत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

चिलीने १९८१ मध्ये यातला पहिला मार्ग धरला. लष्करी राजवट होती, लोकांना विचारलं कुणी? सरकारी शाळा नगरपालिकांकडे गेल्या, अनुदान हजेरीवर मिळू लागलं, ते खाजगी शाळांनाही लागू झालं. १९९३ पासून अनुदानित खाजगी शाळांना पालकांकडून वर फी घेण्याची मोकळीक मिळाली. खरी मेख इथेच आहे. थोडी फी परवडणारे एका शाळेत, जास्त परवडणारे दुसऱ्या, आणि काहीच न परवडणारे नगरपालिकेच्या शाळेत, अशी मुलांची वाटणी झाली. शिवाय बऱ्याच शाळा मुलं निवडून घेऊ लागल्या. शाळेतून दहा मुलं गेली की दहा मुलांचं अनुदान जातं. शिक्षकांचे पगार, वीज, डागडुजी मात्र तेवढीच राहते. मग कात्री लागते ती मागे राहिलेल्यांच्या शिक्षणाला, आणि ते मागे का राहिले? कारण त्यांच्या आईवडिलांकडे ना फी होती, ना लांबच्या शाळेत सोडायला वेळ.

२००६ आणि २०११ मध्ये तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गरीब मुलांसाठी जादा अनुदानाचा कायदा २००८ चा. अनुदानित शाळांतली फी, नफा आणि निवड टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा २०१५ चा. १९८१ पासूनच्या या ३४ वर्षांत किती मुलं शाळा संपवून बाहेर पडली असतील!

समित्यांचंही तसंच. न्यूझीलंडने १९८९ मध्ये प्रत्येक सरकारी शाळा पालकांनी निवडलेल्या मंडळाकडे दिली. कल्पना मला आजही आवडते. पण मंडळाला हिशेब तपासणारे, नेमणुका करणारे, नियम वाचणारे पालक लागतात. सुस्थितीतल्या वस्तीत ते सहज मिळतात. दोन पाळ्या राबणाऱ्यांच्या वस्तीत कोण बसणार बैठकीला?

म्हणून गरीब मुलासाठी जादा अनुदान, प्रवेशात निवडीला बंदी आणि समित्यांना पगारी हिशेबनीस या गोष्टी सुधारणेच्या पहिल्याच मसुद्यात हव्यात. असा मसुदा तुमच्यासमोर आला, तर पट घसरलेल्या शाळेला पुढच्या वर्षी पैसे कुठून मिळणार, ते कलम आधी शोधा. ते नसेल तर लेखी हरकत घ्या.