पेचकस टेकवल्याने अ‍ॅम्प रिकामा होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अ‍ॅम्प उघडताना कंडेन्सरच्या, म्हणजे आत वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या, टोकांवर पेचकस टेकवला की तो रिकामा झाला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले सारे जुने मेकॅनिक तेच करतात, लाईट जाऊन दोन तास झाले असतील तर तेवढंही नको. मी पोरांना उगाच भेववतो.

अर्धी गोष्ट खरी आहे. वाजता-वाजता लाईट गेली तर व्हॉल्व्ह काही सेकंद गरम असतात आणि बराचसा चार्ज ओढून घेतात. पण दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह गेलेला असतो, नाहीतर कोणी काढून ठेवलेला असतो. मग चार्जला वाट उरते ती ब्लीडर रेझिस्टन्सची, म्हणजे साठलेला चार्ज हळूहळू उतरवायला लावलेल्या रेझिस्टन्सची. तो पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये नसतोच. असला तरी ओपन झालेला, म्हणजे आतून तुटलेला, असू शकतो. तिथे दोन तासांचा काय भरवसा? शिवाय लाईट गेली म्हणजे प्लग निघाला असं नाही. हात आत असताना ती परत आली तर?

आता पेचकस. 450 व्होल्टवर भरलेल्या 50 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये सुमारे 5 ज्यूल ऊर्जा असते. ती एका क्षणात सोडली की मोठी ठिणगी पडते, कंडेन्सरलाही इजा होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे आत असे तीन-चार कंडेन्सर रेझिस्टन्समधून एकमेकांना जोडलेले असतात. एकावर टेकवून पेचकस उचलला की बाकीचे त्याला पुन्हा भरतात. ठिणगी पाहून तुम्ही निर्धास्त होता, तिथेच धोका आहे.

म्हणून प्लग काढा. 10 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टन्स घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना क्लिपच्या तारा जोडा, उघड्या तारांवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. एक क्लिप आधी चासीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला), मग दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, एकाच हाताने. दुसरा हात पाठीमागे. एकटा 50 मायक्रोफॅरड अडीच-तीन सेकंदांत उतरतो, पण साखळीतले सगळे उतरायला मिनिटभर द्या. मग मीटर डीसी 1000 व्होल्टवर ठेवून प्रत्येक कंडेन्सर वेगळा मोजा. मीटर चालतो की नाही हे आधी बॅटरीवर पाहून घ्या, नाहीतर बंद मीटरही शून्यच दाखवतो. काम संपेपर्यंत क्लिप लावलेली राहू द्या, कारण रिकाम्या कंडेन्सरवर थोडे व्होल्ट आपोआप परत चढतात. चालू करण्याआधी मात्र ती आठवणीने काढा.

दिवाळीनंतर वडसा भागात नाटकांचा हंगाम लागतो, तेव्हा साऊंडवाली पोरं तुमच्यासारख्यांच्या हाताकडे पाहूनच शिकतात. पुढच्या वेळी पेचकस उचलल्यावर त्यांच्यासमोर प्रत्येक कंडेन्सरवर मीटर लावा आणि जो आकडा येईल तो इथे लिहा.