शनिवारचे तीन तास

पदवीसाठी समाजसेवा सक्तीची करावी का, यावर इंदूरच्या मराठी घरांत आणि मंडळांच्या ग्रुपवर अधूनमधून वाद रंगतो. सक्ती केल्याशिवाय मुलं घराबाहेर पडणार नाहीत, असं एकांचं म्हणणं. मारूनमुटकून केलेली सेवा म्हणजे हजेरी आणि फोटो, असं दुसऱ्यांचं. जर्मनीतही हा वाद आहे. राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी २०२२ मध्ये तरुणांसाठी सक्तीच्या समाजसेवेची कल्पना मांडली, ती चर्चा अजून मिटलेली नाही. पण या देशाने सक्ती काढूनही पाहिली आहे, आणि तो अनुभव आपल्या कामाचा आहे.

२०११ पर्यंत जर्मनीतल्या तरुण मुलग्यांना लष्करी सेवा सक्तीची होती. ज्यांना बंदूक नको असे, ते त्याऐवजी इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात काम करत. १ जुलै २०११ पासून सक्ती स्थगित झाली, तेव्हा या संस्था अडचणीत येतील अशी भीती होती. त्याच दिवशी ऐच्छिक सेवेची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि तिच्या सुमारे ३५,००० जागा भरल्याही. येणाऱ्याला सांभाळून घेणारी व्यवस्था संस्थांमध्ये आधीच होती, हे त्याचं मोठं कारण.

ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. सेवा साधारण बारा महिन्यांची, कमीत कमी सहा. करार लेखी. दरमहा काहीशे युरो हातखर्च मिळतो, विम्याची आणि पेन्शनची वर्गणी संस्था भरते. वर्षभरात २५ दिवस प्रशिक्षण. संस्थेत एक ठरलेली व्यक्ती स्वयंसेवकाला काम शिकवते आणि शेवटी त्याने काय केलं याचं प्रशस्तिपत्र मिळतं. पगारी कर्मचाऱ्याची जागा स्वयंसेवकाने भरायची नाही, ही कायद्याची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वृद्धाश्रमातला स्वयंसेवक आजोबांना व्हीलचेअरवरून बागेत नेतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोबत जातो, जेवताना शेजारी बसतो. औषधं देण्याची जबाबदारी त्याची नसते. विस्मरण झालेल्या माणसाला वर्षभर तोच चेहरा रोज दिसतो, हे कुठल्याही पैशाने विकत मिळत नाही. मुलालाही शिक्षणाची वाट धरण्याआधी कळतं की नर्सिंग आपल्याला झेपेल की नाही.

जर्मनीतही बिघडतं. कर्मचारी कमी पडले की अट कागदावर राहते आणि एकोणीस वर्षांच्या मुलावर अंघोळ घालण्यापासून सगळं येऊन पडतं. म्युनिकसारख्या शहरात हातखर्चात खोलीचं भाडंही निघत नाही, त्यामुळे ज्यांना घरून आधार आहे त्यांनाच हे परवडतं.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आज देशभर झालेला तिचा पसारा जर्मनीला स्वप्नातही जमणार नाही. नियम साधा: वर्षाला १२० तास, दोन वर्षं, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. पण साधारण शंभर मुलांमागे एक कार्यक्रम अधिकारी, तोही आपले तास सांभाळून काम करणारा प्राध्यापक. आणि गावात किंवा संस्थेत या मुलांची जबाबदारी असलेलं कुणीच नाही. दुखणं इथे आहे.

शिबिरात सांडपाणी जिरवायला खणतात तो शोषखड्डा घ्या. मीटरभर लांब-रुंद-खोल खणायचं, तळाला मोठे दगड, वर लहान, मग खडी. माळव्याच्या काळ्या मातीत हा पुस्तकी खड्डा तुंबतो, कारण ती माती भिजली की फुगते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आधी फूटभर खड्डा खणून रात्रभर भिजवायचा, सकाळी पाणी भरून पाहायचं. इंचभर पाणी उतरायला तासाहून जास्त लागलं तर ती जागा सोडायची. विहिरीच्या जवळ तर नकोच. सांडपाणी आधी गाळाच्या कुंडीत यायला हवं आणि ती दर पंधरवड्याला उपसायला हवी. सातव्या दिवशी बस निघून गेल्यावर ती उपसणार कोण, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

याचं उत्तर इंदूरकरांना बाहेर शोधायला नको. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय घरोघरी लागली, कारण आज समजावून गेलेल्या माणसामागून उद्या सकाळी गाडी येतच होती. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत लागत गेलेल्या पहिल्या क्रमांकांच्या मुळाशी ही रोजची गाडी आहे.

म्हणून १२० तासांचे मेळावे आणि रॅल्या न करता दर शनिवारी तीन तास, चाळीस आठवडे, एकाच ठिकाणी द्यावेत. वृद्धाश्रम, दवाखाना, मराठी शाळेचं वाचनालय, किंवा ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत अशा आजी-आजोबांची कॉलनी. एका ठिकाणी आठ-दहा मुलं, त्याहून जास्त नकोत. एका पानाचा करार: काम काय, काय करायचं नाही, न आल्यास कुणाला कळवायचं. घरी जायचं तर दोघांनी मिळून. औषधं, बँकेचं पासबुक आणि ओटीपी यांना हात लावायचा नाही. तासांवर सही त्या ठिकाणच्या माणसाची, प्राध्यापकाची नव्हे. परीक्षेच्या महिन्यात खंड पडतोच, तेव्हा कोण येणार नाही हे आजींना आधी सांगून ठेवायचं.

हे सांभाळायला प्रत्येक ठिकाणी एक समन्वयक लागेल, निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतले काका चालतील, पण त्यांना मानधन हवं. हा भार बाहेर राहणाऱ्या इंदूरकरांनी उचलावा. सभागृहाला देणगी दिली की नावाची पाटी लागते. मानधनाला पाटी नाही, तरी गरज त्याचीच आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसे पाठवण्याआधी मंडळाच्या खजिनदाराला हे विचारून घ्यावं.