क्वार्टरबॅकला हात लावला की फ्लॅग? नीट बघा जरा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, सीझन सुरू झाला की तीच पोस्ट परत फिरायला लागते. ‘क्वार्टरबॅकला आता हातसुद्धा लावायची सोय नाही, डिफेन्स संपला, आधीचे लोक मार खाऊन परत उभे राहायचे, हे सगळे स्टार लोकांचे लाड आहेत.’ लाइक्सचा पाऊस. क्वार्टरबॅक म्हणजे थ्रो करून अटॅक चालवणारा खेळाडू, फ्लॅग म्हणजे रेफरीने दिलेली पेनल्टी. एकेक वाक्य घेऊन बघू.

हात लावायची सोय नाही म्हणे. अहो, सॅक (बॉल फेकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडणं) दर रविवारी होतायत की! गुडघ्यावर किंवा त्याखाली जोरात मारायचं नाही, डोकं-मान सोडायची, बॉल हातातून सुटल्यावर एका पावलाच्या पुढे जाऊन धडकायचं नाही आणि पाडताना स्वतःचं सगळं वजन त्याच्यावर टाकायचं नाही, एवढंच आहे साधारण. छाती, पोट, कंबर मोकळी आहे. आणि तो पॉकेट (साथीदारांनी त्याच्याभोवती केलेलं कडं) सोडून बॉल घेऊन पळत सुटला की यातलं बरंचसं संरक्षण जातंच, मग पाय पुढे करून स्लाइड मारली तर वाचतो, नाहीतर बसते.

डिफेन्स संपला? हे सगळे नियम लागू असताना २०२१ मध्ये डिफेंडर टी. जे. वॉटने २२.५ सॅक काढून स्ट्रेहानच्या एका सीझनच्या रेकॉर्डची बरोबरी केली. २०२५ च्या सुपर बोलमध्ये (लीगची फायनल) ईगल्सने एकदाही ब्लिट्झ (जास्तीचे डिफेंडर अंगावर सोडणं) न करता, नुसत्या चौघांच्या जोरावर चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सला ६ वेळा पाडलं, हाफटाइमला स्कोअर २४-०. बीमरला नो-बॉल दिला म्हणून फास्ट बोलिंग मेली का?

आता ‘आधीचे लोक उभे राहायचे’. कोण उभं राहिलं? १९८५ मध्ये क्वार्टरबॅक थाइसमनचा पाय मोडला, करिअर तिथेच खलास. स्टीव्ह यंग १९९९ मध्ये डोक्याला मार बसून बाहेर गेला तो परत कधी खेळलाच नाही. एकमनची शेवटची मॅचही अशीच, डोक्याला मार, आणि ३४ व्या वर्षी रिटायर. नव्या नियमांच्या काळातला ब्रेडी मात्र ४५ व्या वर्षापर्यंत खेळला. तब्येत सांभाळायचा तो, मान्य, पण नुसतं तेवढंच कारण नाही. आणि ही रड काही नवीन नाही, स्टीलर्सचा डिफेंडर जॅक लॅम्बर्ट त्या काळीच क्वार्टरबॅकना ड्रेस घाला म्हणत होता, म्हणजे ज्या काळाची आठवण काढून उसासे टाकताय त्या काळीही खेळ ‘मऊ’च होता!

स्टारचे लाड हा मुद्दा अर्धा खरा आहे. जानेवारी २००६ मध्ये कार्सन पामरचा गुडघा गेला तेव्हा खालच्या फटक्यांचा नियम कडक झाला, २००८ मध्ये पहिल्याच मॅचला ब्रेडीचा गेला तेव्हा अजून कडक, २०१७ मध्ये रॉजर्सची कॉलरबोन मोडली आणि पुढच्या वर्षी अंगावर वजन टाकण्यावर बडगा. म्हणजे मोठं नाव पडल्याशिवाय लीगला जाग येत नाही, पण एकदा नियम झाला की बॅकअपलाही तोच. आणि क्वार्टरबॅक नसला की काय होतं ते जानेवारी २०२३ च्या एनएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीची सेमीफायनलच ती) दिसलंच ना, फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक पर्डी कोपराने गेला (तो फटका कायदेशीर होता, कुठलाच नियम वाचवू शकला नसता), बदली जॉन्सन डोक्याला लागून गेला, मग थ्रो न करता येणारा पर्डीच परत आत. ईगल्स ३१-७ ने जिंकले. कोणाला मजा आली त्यात?

बोंब मारायचीच तर अंपायरिंगवर मारा. २०२२ मध्ये डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ याला स्ट्रेचरवरून नेल्यानंतर दीड आठवड्यात दोन भयानक कॉल झाले. फाल्कन्सच्या ग्रेडी जॅरेटने ब्रेडीला साधं धरून पाडलं तर फ्लॅग, तेही ब्रेडीची टीम २१-१५ ने पुढे असताना थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला), १५ यार्ड आणि नवा फर्स्ट डाउन, मॅच संपलीच. दुसऱ्या दिवशी चीफ्सच्या ख्रिस जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारच्या हातातून बॉल काढून घेतला होता, बॉल जोन्सकडे, एक हात जमिनीवर टेकून वजन सावरतोय, तरी फ्लॅग. डॉल्फिन्सचा विल्यम हेज तर २०१८ मध्ये ह्याच कारवर वजन पडू नये म्हणून अंग वळवायला गेला आणि स्वतःचा गुडघा फाडून घेतला. नियमातच लिहिलंय की शंका आली तर रेफरीने फ्लॅग टाकायचा. हे वाक्य बदला म्हणा, सही करतो मी.