पोरींच्या बोलण्याची नक्कल करणं आता पुरे

‘ए म्हणजे लाइक, ओ माय गॉड, सीरियसली??’ असं नाकात बोलून शेवटचा शब्द ताणला की झाली टीनएज मुलीची नक्कल, रील्सवर तर रोज कोणीतरी हेच करत असतं आणि खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मला याचा खरंच राग येतो.

सोळा वर्षांची मुलगी ‘लाइक’ म्हणाली की ती उथळ, आणि प्रत्येक वाक्याला ‘बेसिकली’ लावणारा साहेब हुशार? ‘म्हणजे काय आहे ना’ म्हणत मुद्द्यावरच न येणाऱ्या काकांचं आपण मान डोलावत ऐकून घेतो. अहो बोलता बोलता विचार करायला असे शब्द सगळ्यांनाच लागतात. आणि इंग्रजीतला तो मधेमधे येणारा ‘लाइक’ आजच्या पोरींनी काढलेलाच नाहीये, अलेक्झांड्रा डार्सी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलंय की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातही तो सापडतो. पण त्यांची नक्कल कोण करतंय!

‘ह्या पोरी भाषा बिघडवतात’ हे तर ठरलेलं वाक्य. फिनलंडच्या दोन संशोधक बायकांनी, टेर्टू नेवालाइनेन आणि हेलेना राउमोलिन-ब्रुनबेर्ग यांनी, १४१७ ते १६८१ या काळातली सुमारे ६,००० इंग्रजी पत्रं तपासली. भाषेतले १४ बदल पाहिले, त्यातल्या ११ मध्ये बायका पुरुषांच्या पुढे होत्या. ‘करतो-करते’ या अर्थाचं जुनं ‘डथ’ (doth) जाऊन ‘डझ’ (does) आलं त्यातही. आज तेच ‘डझ’ शाळेत शुद्ध इंग्रजी म्हणून शिकवतात. बायकांनी आधी उचललेली भाषा पुढे सगळ्यांची होते, मग चेष्टा एकट्या पोरींची का?

बरं, ही चेष्टा नुसती गंमत म्हणून सोडून द्यावी तर तसंही नाही. वर्गात धडाधड बोलणारी मुलगी दोनदा नक्कल झाली की तिसऱ्यांदा तोंडच उघडत नाही, आणि मग तीच माणसं म्हणतात, हिला कॉन्फिडन्स नाही.

पुढे नोकरीतही तेच. आवाज घशात खरखरत ठेवून बोलायची एक ढब असते, इंग्रजीत तिला व्होकल फ्राय म्हणतात. पुरुषही तसं बोलतात. २०१४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात अशा आवाजात बोलणारी माणसं ऐकणाऱ्यांना कमी हुशार, कमी विश्वासू, नोकरीला कमी लायक वाटली, आणि त्याचा फटका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त बसला. शेवटी संशोधकांनी सल्ला कुणाला दिला, तर तरुण मुलींनाच, की असं बोलणं टाळा. ऐकून मार्क कापणाऱ्यांना मात्र काहीच नाही सांगितलं.