तळघरातले उपग्रह

लोकेशनवर चालणाऱ्या मोबाइल ॲपची स्पर्धा तळघरात ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायला नाही, नुसतं बघायला. बरं, भांडायलाही.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका कॉलेजात ही स्पर्धा झाली. जीपीएसचे उपग्रह फिरतात जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यातले निदान चार तरी फोनला दिसावे लागतात, तेव्हा कुठे आपण कुठे आहोत ते कळतं. एवढ्या लांबून येणारा तो मरतुकडा सिग्नल दोन मजले आणि एक पार्किंग भेदून आमच्या लॅबमध्ये शिरणार होता! मग फोन काय करतो? आसपासचे वायफाय आणि मोबाइलचे टॉवर हुंगून अंदाज बांधतो. माझ्या फोनने बांधलेला अंदाज असा, की मी रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयात आहे.

माझं ॲप घंटागाडीचं. गाडी घरापासून २०० मीटरच्या आत आली की फोन वाजतो. डेमोसाठी एक मित्र दुसरा फोन खिशात घालून, स्कूटरवर घंटागाडी होऊन, कॉलेजच्या फाटकाशी घिरट्या घालत होता.

परीक्षकांत एक सत्तरीचे गृहस्थ होते, प्रायोजकांपैकी कुणाचे तरी वडील. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी ॲप शांतपणे पाहिलं.

"हे काय सांगतं?"

"घंटागाडी जवळ आली की सांगतं, सर."

"घंटागाडीला काय असते?"

मी गप्प.

"घंटा असते," त्यांनीच उत्तर दिलं. "घंटा वाजली म्हणजे गाडी आली. महापालिकेने त्याचे पैसे आधीच भरलेत. मग हे कशाला?"

"सर, घंटा ऐकू येईपर्यंत गाडी पुढे जाते. चौथ्या मजल्यावरून बादली घेऊन उतरेपर्यंत..."

"लिफ्ट नाही?"

"आहे, पण..."

"मग लिफ्टचं ॲप कर. बरं, तू आत्ता कुठे आहेस?"

"इथेच, सर."

"हे तर कार्यालयात दाखवतंय."

"हो, म्हणजे सिग्नल नसल्यामुळे..."

"जेवलास का मग?"

लॅब खदखदून हसली. माझ्याच टीमचा डिझायनर सगळ्यात मोठ्याने. गृहस्थांना जोर चढला. "आमच्या वेलणकरांनी १९७२ साली सहा आकड्यांत अख्खा देश बसवला. पिन कोड! त्याला चार्जिंग लागत नाही." हे मात्र खरं आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, वर संस्कृतचे कवी. अशा माणसाचं नाव पुढे केल्यावर मी घंटागाडीची बाजू काय मांडणार? तेवढ्यात मित्राचा फोन आला. "अरे, वाजलं का? ऊन लागतंय." वाजणार कसं? ॲपच्या मते माझं घर मंगल कार्यालयात होतं.

पहिलं बक्षीस रिकामं पार्किंग शोधून देणाऱ्या ॲपला गेलं. त्यांचा निळा ठिपका तळघरात बसून रविवार संध्याकाळच्या लक्ष्मी रोडवरून कुठेही न अडखळता, कुणाचाही धक्का न खाता सरळ चालत होता. लक्ष्मी रोडवर! अँड्रॉइडमध्ये डेव्हलपरांसाठी मॉक लोकेशनची सोय असते; फोनला खोटं ठिकाण सांगता येतं. चाचणीसाठी आहे ती, बक्षिसासाठी नाही. ठिपका इतका गुळगुळीत कसा चालतो, असं एकाही परीक्षकाने विचारलं नाही. घंटावाले गृहस्थ तर म्हणाले, "याचा ठिपका बघा, कसा शिस्तीत जातो!"

२००८ साली गूगलने अँड्रॉइडसाठी पहिली डेव्हलपर स्पर्धा घेतली, तेव्हा पहिल्या दहा ॲपना प्रत्येकी २ लाख ७५ हजार डॉलर मिळाले होते. त्यातलं एक होतं 'लोकेल'. तुम्ही कुठे आहात ते बघून फोनच्या सेटिंग आपोआप बदलणारं; कामाच्या ठिकाणी पोचलात की फोन गप्प. आमच्या विजेत्यांना करंडक आणि गिफ्ट व्हाउचर मिळालं. डॉलर नसले तरी चालतील, मला पैशाचं दुःख नाही. (थोडं आहे.) पण ज्यांनी खरोखर आकाशाकडे बघून ठिकाण शोधायचा प्रयत्न केला त्यांना तळघरात बसवायचं, हसायचं, आणि पाठ केलेला रस्ता दाखवणाऱ्याला हार घालायचा, हे काय आहे? हीच पोरं उद्या ॲम्ब्युलन्सचं ॲप करतील. तिथेही ठिपका शिस्तीत जाईल, आणि ॲम्ब्युलन्स सिग्नलला उभी असेल.

संयोजकांनी काल अभिप्रायाचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, 'स्थळाबाबत सूचना'. मी लिहिलं, पुढच्या वर्षी स्पर्धा गच्चीवर घ्या. अर्ध्या तासात उत्तर आलं: 'सूचनेबद्दल आभार. गच्चीवर एसी नाही.'